अँबेसेडरच्या दोन रेघा : कामाच्या नोंदी

गाव दारव्हा तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. मी गाड्यांवर हातानं रेघा ओढतो. १९७८ साली, तेराव्या वर्षी उस्तादांकडे कामाला लागलो. पहिलं काम मिळालं ते तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांच्या शिंगांवर पट्टे मारायचं. त्यानंतर दमणीची (हलक्या बैलगाडीची) चाकं, ट्रॅक्टर, जीप, ट्रक, बुलेटच्या टाक्या. रेडियमची दुकानं आल्यापासून काम कमी झालं, पण बंद कधी पडलं नाही. सध्या दोन पोरं शिकायला येतात. त्यांना आणि ज्याला कोणाला हे करून पाहायचं असेल त्याला उपयोग व्हावा म्हणून या एका कामाच्या नोंदी ठेवतो आहे.

२ फेब्रुवारी २०२५

गाडी आली. अँबेसेडर मार्क थ्री, १९७६ ची, मालकाच्या वडिलांनी घेतलेली. एप्रिलच्या शेवटी मालकाच्या मुलीचं लग्न आहे आणि वरात याच गाडीतून निघायची आहे. मालकानं १९८१ चा एक काळा-पांढरा फोटो आणला. त्यांच्या स्वतःच्या लग्नातला. गाडी समोरच्या कोपऱ्यातून टिपलेली आहे आणि कडेनं जाणाऱ्या दोन रेघा स्पष्ट दिसतात. "पेंटरभाऊ, अशाच पाह्यजेत," एवढंच म्हणाले.

त्या रेघा उस्तादांनी ओढल्या होत्या. मी सोळा वर्षांचा होतो, रंगाची वाटी धरून त्यांच्या बाजूनं चालत होतो. वरची जाड रेघ मरून होती हे नक्की आठवतं. खालची बारीक रेघ सोनेरी होती की हळदीसारखी पिवळी, हे आठवत नाही. गाडीवरच शोधावं लागेल. मधल्या काळात ती दोनदा रंगवली गेली आहे.

बोली : मजुरी ९,००० रुपये, रंग-सामान वेगळं, माझं काम चार दिवसांचं. इसार २,००० घेतला. गाडीचा मूळ रंग गॅरेजवाला मारणार, फक्त रेघा माझ्या.

४ फेब्रुवारी

आज जुन्या रेघा शोधल्या. पद्धत अशी : ४०० नंबरचा पाणकागद साबणाच्या पाण्यात भिजवायचा आणि तळहाताएवढ्या जागेत गोल घासत जायचं. वरचा पांढरा गेला, खाली आकाशी लागला, त्याखाली मूळ क्रीम. क्रीमजवळ आलं की ८०० चा कागद घ्यायचा आणि हात हलका करायचा, नाहीतर रेघही घासून जाते.

पहिलं नुकसान इथंच झालं. मी मागच्या दारापाशी बसलो होतो, तेवढ्यात गॅरेजमधल्या पोरानं डाव्या पुढच्या दारावर घासायची मशीन लावली, तीही ८० नंबरच्या कागदानं. मी हाक मारेपर्यंत पत्रा उघडा. त्या दारावर काय होतं ते कायमचं गेलं. जुन्या गाडीवर काम करायचं असेल तर मशीन सुरू व्हायच्या आधी आपला शोध संपलेला हवा.

डाव्या मागच्या दारावर आणि शेपटाकडच्या पत्र्यावर रेघा सापडल्या. खालची पिवळीच आहे, हळदीच्या अंगाची. बटर पेपर ठेवून छाप घेतला. मरून ५ मिलिमीटर, पिवळी २. दोघींमधलं अंतर मात्र एकसारखं नाही. मागच्या दाराच्या सुरुवातीला ७ आणि शेपटाशी ९. पिवळी हळूहळू खाली सरकत गेली आहे.

१९८३ मध्ये मोतीबिंदूमुळं उस्तादांनी काम सोडलं. त्याआधीची दोन वर्षं लोक म्हणत, "उस्तादाचा हात आता हलते." मला तेव्हा ते खरं वाटलं होतं आणि आज माप घेताना पुन्हा तेच वाटलं. वाईट वाटलं. पण मालकाला चांगली रेघ द्यायची आहे, म्हणून दोन्ही बाजूंना सरळ ६ मिलिमीटर ठेवायचं ठरवलं.

उजवी बाजू उघडली नाही. गॅरेजवाल्याला उद्या प्रायमर मारायचा आहे, आणि डावीकडचं माप हातात आहे.

९ फेब्रुवारी

दिवस ब्रशात गेला. तेलात ठेवलेला ब्रश शाबूत निघाला. दुसरा मागच्या उन्हाळ्यात घाईत कोरडाच डब्यात ठेवला होता, त्याला कसर लागून निम्मे केस गेले. रेघेचा ब्रश पाण्यात किंवा टर्पेंटाइनमध्ये उभा ठेवू नये. टर्पेंटाइननं तीनदा धुवायचा, मशीनच्या तेलात बुडवायचा, केस सपाट दाबून आडवा ठेवायचा. वापरण्याआधी तेल पूर्ण काढायचं.

उस्तादांच्या वेळी मुंगसाच्या केसांचे ब्रश मिळायचे. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यानं तो व्यापार बंद आहे आणि तो बंदच राहिला पाहिजे. चांगले कृत्रिम केस आता मिळतात.

नवा ब्रश घरी बनवला. अर्धा इंच रुंद आणि दोन इंच लांब केसांचा मऊ ब्रश घेतला, १८० रुपये. आपल्याला तो तलवारीच्या पात्यासारखा हवा असतो. एका अंगाला आखूड, दुसऱ्या अंगाला लांब, म्हणजे पोटात भरपूर रंग राहतो आणि टोक बारीक चालतं. पहिला कात्रीनं कापला आणि वाया घालवला. कात्रीनं पायऱ्या पडतात, शिवाय मी टोकांवरूनच कापलं. कापलेलं टोक बोथट होतं आणि रेघेची कड फाटते. दुसरा तेलात भिजवून काचेवर सपाट दाबला, नवं ब्लेड घेतलं आणि फक्त आखूड बाजूचे केस तिरके उतरवत नेले. सर्वांत लांब केसांच्या टोकांना हात लावला नाही. दांडा तीन इंच ठेवून बाकी तोडला. हा जमला. एकूण ३६० रुपये आणि पाच तास.

१४ फेब्रुवारी

गाडी क्रीम रंगात तयार आहे. पीयू (पॉलियुरेथेन) रंग आहे, हार्डनर म्हणजे रंग कडक करणारं द्रव घालून मारलेला. त्याला चार-पाच दिवस हात लावायचा नाही असं मी सांगितलंय. तोवर रंग जुळवणं आणि सराव.

रंग जुळवताना जुना तुकडा कोरडा पाहू नका. त्यावर टर्पेंटाइनचं बोट फिरवा, मग त्याचा खरा रंग दिसतो. लाल सिंथेटिक इनॅमलमध्ये थेंबाथेंबानं काळा आणि चिमूटभर तपकिरी घालत मरून आणला. ओला असताना जुळला होता, सकाळी वाळल्यावर गडद झाला. पुन्हा केला. पिवळा एका वेळेत जमला.

पोरांना काचेवर बसवलं आहे. खिडकीची जुनी काच, खाली पांढरा कागद, त्यावर पेन्सिलीची रेघ. काचेवरून ब्रश न्यायचा, चुकलं की पुसायचं. पैसा लागत नाही. एकाला मोबाइलमध्ये पाहिलेली अमेरिकन नक्षी हवी आहे, बॉनेटच्या मधोमध दोन्ही अंगांना सारखी फुलणारी. व्हॉन डच या नावानं ओळखला जाणारा केनेथ हॉवर्ड १९५० च्या दशकात तसं काम करायचा. काम देखणंच आहे. मी पोराला म्हटलं, "बापा, पयले सहा फुटाची सरळ रेघ आण, मग फुलं काढ." चेन्नईच्या रॉयल एनफिल्डच्या कारखान्यात टाकीवरची सोनेरी रेघ हातानं ओढतात, तोही व्हिडिओ त्यांना दाखवला. तिथं हात किती सावकाश आणि किती न थांबता जातो ते पाहायला सांगितलं.

१९ फेब्रुवारी

पहिला प्रयत्न. फसला.

पुढच्या डाव्या पत्र्यावर दोन फूट रेघ ओढली आणि पाहता पाहता रंग आकसून जागोजागी गोल भोकं पडली, आत क्रीम दिसायला लागला. गाडीवर कोणीतरी पॉलिश लावलं, की असं होतं. विचारलं तर गॅरेजच्या पोरानं चमक यावी म्हणून डॅशबोर्डचं पॉलिश सगळ्या बाजूंनी फिरवलं होतं. त्यात सिलिकॉन असतं आणि सिलिकॉनवर रंग बसत नाही.

रेघ लगेच पुसली. ओली रेघ टर्पेंटाइनच्या फडक्यानं निघून जाते, ही या कामातली मोठी सोय आहे. मग पूर्ण बाजू टर्पेंटाइननं, त्यानंतर साबणाच्या पाण्यानं, पुन्हा टर्पेंटाइननं पुसली. फडकं एकाच दिशेनं न्यायचं आणि दर हातभर जागेला नवी घडी घ्यायची. जुन्या घडीनं पुसलं तर तेच तेल पुढं पसरतं. एक जुनं धोतर आणि सकाळ गेली.

२० फेब्रुवारी

दुसरा प्रयत्नही वाया. रात्री वीज नव्हती, झोप झाली नाही, सुरुवात करायला अकरा वाजले. टिनाच्या शेडमध्ये तोवर पत्रा हाताला गरम लागत होता. रंग ब्रशातच ओढायला लागला, रेघ मधेच खरखरीत झाली. त्यात बाजूच्या वावरात हरभऱ्याचं थ्रेशर सुरू झालं आणि ओल्या रेघेवर भुसा येऊन बसला. सगळं पुसून घरी गेलो.

आपल्याकडे या कामाला सकाळी सहा ते नऊ हीच वेळ. थंडीत दव असेल तर पत्रा कोरड्या फडक्यानं पुसून अर्धा तास थांबायचं. पावसाळ्यात मी गाडी घेतच नाही.

२२ फेब्रुवारी

डावी बाजू झाली. सकाळी ६.१५ ते ८.४०. शेजारच्या शेतकऱ्याला सांगून ठेवलं होतं, त्यानं थ्रेशर नऊनंतर लावलं. जमिनीवर आधी पाणी शिंपडलं.

आखणीसाठी जुन्या फ्रिजच्या दाराच्या रबरातली चुंबकाची पट्टी वापरतो. भंगारात मिळते, पत्र्याला चिकटते, गाडीच्या वळणाबरोबर वळते. ज्या जागी ती घसरून पडते तिथं खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) जाड भरलेली आहे असं समजायचं. या गाडीला मागच्या चाकाच्या वर तसं झालं, तिथं टेपनं धरली. पट्टीला ब्रश टेकवायचा नाही. ती रेघेच्या वर अर्धा इंच ठेवायची आणि करंगळी तिच्यावरून सरकवायची.

रंग दह्याच्या निवळीपेक्षा थोडा दाट हवा. मी वाटीत ब्रश बुडवून जुन्या लग्नपत्रिकेच्या गुळगुळीत पाठीवर पुढं-मागं घोळतो. आठ-दहा वेळा घोळलं की रंग केसांत मुरतो आणि ब्रश सपाट होतो. घोळताना हाताला एक बारीक ओढ लागते. ती लागली नाही तर रंग पातळ आहे, जास्त लागली तर दाट. हे आकड्यात सांगता येत नाही, पत्रिकेवर शंभरदा करून कळतं.

मग टेकवायचं आणि निघायचं. उस्ताद म्हणायचे, "हात नको चालवू, पाय चालव. अन् ब्रशाकडं नको पाऊ, जिथं जायचं हाये तिथं पाह्य." मनगट आणि कोपर बांधल्यासारखे राहतात, माणूस कडेकडेनं चालतो. नजर ब्रशाच्या टोकापुढं वीतभर. श्वास सोडत चालायचं, रोखला तर छातीचा ठोका रेघेत येतो. एका पत्र्यावर थांबायचं नाही. थांबायचं ते दाराच्या सांदीत. पुढचा पत्रा, पुढचं दार, मागचं दार, मागचा पत्रा, असे चार तुकडे मिळतात आणि ब्रश भरायला तीन सांदी.

मरून चारही तुकड्यांत एका दमात गेली. पिवळी पुढच्या दारावर एकदा थरथरली, पुसून पुन्हा ओढली. अंतर सगळीकडे ६ मिलिमीटर. कर्काटकानं तपासलं, कुठंही अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नाही.

२३ फेब्रुवारी

उजवी बाजू. दोन तास. मी डावीकडून उजवीकडे ओढतो, त्यामुळं डाव्या बाजूची रेघ दिव्यापासून शेपटाकडे जाते आणि उजवीची शेपटापासून दिव्याकडे. उस्तादांचंही तसंच होतं. काहीही बिघडलं नाही.

२५ फेब्रुवारी

बिघडलं. काल मी दिग्रसला गेलो होतो. गॅरेजवाल्यानं रेघ टिकावी म्हणून उजव्या मागच्या पत्र्यावर क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) मारला, मला न विचारता. आज पाहतो तर दोन्ही रेघा सुरकुतल्या आहेत, तापल्या दुधावरच्या सायीसारख्या. इनॅमल वरून वाळलं तरी आतून कित्येक दिवस कच्चं असतं, आणि क्लिअरमधला तेज थिनर त्याला उचलतो. रेघेवर क्लिअर मारायचाच असेल तर रेघही हार्डनर घातलेल्या पीयू रंगानं ओढावी लागते. मी इनॅमल घेतो, कारण ते सावकाश वाळतं आणि लांब रेघेला वेळ देतं. हे मी त्याला आधीच स्पष्ट सांगायला हवं होतं. त्याचा हेतू चांगला होता.

तो पत्रा पुन्हा घासून रंगवावा लागणार. गॅरेजवाल्यानं त्याचा खर्च स्वतःकडे घेतला.

२७ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र, काम बंद. आज पत्रा घासला. मी सोबत बसलो. मशीन एका ठिकाणी जरा खोल गेली आणि आकाशीच्या खालून मरून रंग वर आला. मशीन बंद करायला लावली. पुढचं सगळं मी पाणकागदानं उघडलं.

उस्तादांची उजवी बाजू. शेपटाशी अंतर ९ मिलिमीटर. चाकाच्या कमानीवर ८. दाराच्या सांदीपाशी साडेसात.

मी बराच वेळ तिथं बसून राहिलो. डावीकडे रेघ शेपटाशी संपते. हात थकून पिवळी खाली गेली, हे तिथं पटण्यासारखं होतं. पण उजवीकडे रेघ शेपटापासूनच सुरू होते. हात सुटला असता तर अंतर दिव्याकडे वाढलं असतं. इथं ते पहिल्या टेकवण्यालाच ९ आहे. उस्तादांनी दोन्ही बाजूंना, उलट दिशांनी येऊन, तेच माप ठेवलं आहे.

२८ फेब्रुवारी

मालकाकडून फोटो पुन्हा मागवला, भिंग घेऊन पाहिला. समोरच्या कोपऱ्यातून टिपलेल्या त्या फोटोत दोन्ही रेघा दिव्यापासून शेपटापर्यंत जवळजवळ सारख्याच अंतरावर दिसतात. मग माझी डावी बाजू त्याच कोपऱ्यात उभं राहून पाहिली. मागच्या दारानंतर दोन्ही रेघा जवळ येत जातात आणि शेपटाशी एक झाल्यासारख्या दिसतात. लांबचं लहान दिसतं, एवढंच कारण. वरातीला माणसं गाडीच्या समोर उभी असतात, नवरदेवाला तिथूनच ओवाळतात. उस्तादांनी रेघ तिथल्या माणसांसाठी ओढली होती. मी कर्काटकासाठी ओढली.

मी तेव्हा वाटी धरून त्यांच्या शेजारी चालत होतो. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांचा हात शेवटपर्यंत हलला नव्हता, निदान या गाडीवर तरी नाही. हे मी दोन्ही पोरांना गाडीजवळ उभं करून दाखवलं.

मालकाला सांगितलं की दोन्ही बाजूंची पिवळी पुन्हा ओढणार, जास्तीचे पैसे नकोत. ते म्हणाले, "काहून? मले तं चांगलीच दिसून रायली." त्यांनाही त्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं. पाहून म्हणाले, "हाव. करा मग."

४ मार्च

डावीकडची पिवळी काढली. दहा दिवसांनी इनॅमल टर्पेंटाइनला दाद देत नाही. वरच्या मरूनवर आणि खाली क्रीमवर टेपच्या पट्ट्या लावल्या, मधे २००० चा पाणकागद बोटभर रुंद घेऊन घासत गेलो, शेवटी रबिंग कंपाउंड. पाच तास लागले. एका जागी टेप उचलताना मरूनची कड तीन इंच निघाली. टेप पत्र्याला लगटून मागं दुमडत ओढायची असते, मी सरळ वर ओढली. ती कड हातानं दुरुस्त केली, पण जवळून पाहणाऱ्याला कळेल.

उजवीकडची पिवळी पोरांनी काढली, माझ्यापेक्षा सावकाश आणि चांगली.

९ आणि १० मार्च

उजवा पत्रा वाळून आठवडा झाला. सकाळी ६ ला सुरुवात.

वाढत जाणारं अंतर चुंबकाच्या एका पट्टीनं साधत नाही असं वाटलं होतं. काचपेन्सिलीनं दर सहा इंचांवर ठिपके दिले आणि पट्टी त्या ठिपक्यांना समांतर वाकवली. पहिल्या प्रयत्नात मी ठिपक्यांकडे पाहत गेलो, रेघ प्रत्येक ठिपक्याशी किंचित मोडली. पुसली. दुसऱ्या वेळी सगळे ठिपके पुसून फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा ठेवला आणि शेवटच्याकडे पाहत चाललो. गेली. उजवीकडे आधी उजव्या मागच्या पत्र्याची मरून ओढली, ती वाळू दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळी.

१२ मार्च

गाडी दिली. चार दिवसांचं काम होतं, माझे चौदा दिवस गेले. ब्रश ३६०, रंग-टर्पेंटाइन-कागद-टेप मिळून १,१४०, म्हणजे सामान १,५०० रुपये. मालकानं ९,००० आणि सामानाचे पूर्ण दिले. धुळवडीला गाडी बाहेर काढू नका आणि पंधरा दिवस साबण लावू नका, असं सांगितलं आहे.

ज्याला अँबेसेडर मिळेल त्याच्यासाठी उस्तादांची मापं. मरून ५, पिवळी २, दोघींमधलं अंतर मिलिमीटरमध्ये : मागच्या दाराच्या सुरुवातीला ७, ते संपतं तिथं साडेसात, चाकाच्या कमानीवर ८, शेपटाशी ९. दिव्यापाशी ६ आणि पुढच्या दाराच्या सुरुवातीला साडेसहा ही मापं माझी आहेत, कारण डावं पुढचं दार मशीनखाली गेलं आणि उजवं मी वेळेत उघडलं नाही.

बटर पेपरचा छाप शेडच्या भिंतीवर लावला आहे.